वाढपी, वहिवाट आणि नामुष्की

पुणे,
रविवार दुपार

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

गुरुवारी तुझा फोन आला तेव्हा मी मंडईत होतो. एका हातात अळूची जुडी, दुसऱ्या हातात सुट्टे पैसे, आणि तू विचारतोस, "कायद्याला ग्रीकमध्ये काय म्हणतात रे? एकच शब्द सांग. वकील संघाच्या वाचनालयात दहा मिनिटं बोलायचंय, सुरुवात जरा वजनदार हवी." मी म्हटलं, "नोमोस." तू "झकास" म्हणालास आणि फोन ठेवलास. तेव्हापासून मला चैन नाही. तू उद्या उभा राहून "ग्रीक लोक कायद्याला नोमोस म्हणत" असं सांगशील, लोक माना डोलावतील, आणि चूक कुणाच्याच लक्षात येणार नाही. चूक म्हणजे खोटं नव्हे. अर्धं. अर्ध्या कागदपत्रावर दावा लावला तर तू अशिलाला काय काय ऐकवतोस ते मी तुझ्या ओसरीवर बसून ऐकलंय. म्हणून हे पत्र. लांबेल. सहन कर.

निवृत्तीनंतर मी ग्रीक शिकायला घेतलं तेव्हा तूच म्हणाला होतास, "गुडघे दुखायला लागले की माणसं ज्ञानेश्वरी काढतात, याने ग्रीक काढलं." तीन वर्षं झाली. अजून रोज सकाळी क्रियापदं घोकतो आणि संध्याकाळी विसरतो. पण एक क्रियापद विसरलो नाही: 'नेमेइन'. नोमोस त्यातूनच निघाला. आणि या नेमेइनचा पहिला अर्थ काय, तर वाढणं. जेवायला वाढतो ते वाढणं.

होमरच्या इलियड या महाकाव्याच्या नवव्या सर्गात आकिलीसकडे पाहुणे येतात. रुसलेल्या वीराला समजवायला आलेली मंडळी, म्हणजे तुझ्या भाषेत तडजोडीची बैठक. मांस भाजून होतं, त्याचा मित्र पात्रोक्लोस टोपल्यांतून भाकरी वाढतो आणि मांस स्वतः आकिलीस वाढतो. तिथे क्रियापद आहे ते हेच. कोणाला किती, कोणाला कुठला तुकडा, हे ठरवून पानात घालणं. होमरमध्ये कायदा या अर्थी नोमोस शब्द नाहीच, पण वाढपी आहे.

आता सांग, आपल्याकडे पंगतीत काय म्हणतात? वाढपी ओळखीचा असला की शेवटच्या पानावर बसलं तरी चालतं. आणि एकाला तूप नि दुसऱ्याला नुसता भात झाला की त्याला शब्द काय? पंक्तिप्रपंच. मला वाटतं, जगातला सगळ्यात जुना घटनात्मक प्रश्न आपल्या आजीने या एका शब्दात बसवून ठेवलाय. अथेन्सच्या लोकांनी लोकशाहीसाठी आधी जो लाडका शब्द वापरला तो 'इसोनोमिया'. त्याचं भाषांतर कुणी 'कायद्यापुढे समानता' असं करतं, आणि ते बरोबरच आहे. पण मूळ धातू कानात ठेवलास तर ऐकू येतं ते 'सारखं वाढणं'. इ.स.पू. ५१४ मध्ये हार्मोदियोस आणि आरिस्तोगेइतोन या दोघांनी हुकूमशहाच्या भावाला मारलं. त्यांच्यावर एक गाणं होतं, त्यात म्हटलंय की या दोघांनी अथेन्सला इसोनोमोस केलं. हे गाणं कुठे म्हणायचे? मेजवानीनंतर, मद्याचे पेले फिरत असताना. म्हणजे पुन्हा पंगतच. त्या पंगतीत बायका नव्हत्या आणि गुलाम वाढायला होते, हे तू भाषणात सांग अथवा न सांग, पण मनात असू दे.

पानात वाढतात तशी जमीनही वाढतात. वाटून दिलेली चरण्याची जागा, म्हणजे गायरान, तिलाही ग्रीकमध्ये नोमोसच म्हणतात, फक्त जोर शेवटच्या अक्षरावर. पहिल्या अक्षरावर जोर दिला की रीत किंवा कायदा, शेवटच्यावर दिला की कुरण. मी अजून अडखळतो. मोठ्याने वाचताना अनेकदा देवांचे कायदे बोलता बोलता देवांची गायरानं करून ठेवतो. त्या गायरानाचाच पुढे जिल्हा झाला. इजिप्तच्या प्रांतांना ग्रीकांनी हेच नाव दिलं आणि आधुनिक ग्रीसमध्ये अगदी २०१० अखेरपर्यंत जिल्ह्यांना हाच शब्द होता. कळप घेऊन हिंडणारा तो 'नोमास'. आपले धनगर कोकणात उतरतात तेव्हा कुणाच्या शेतात किती रात्री मेंढ्या बसवायच्या हे ठरलेलं असतं ना, कागद नसतो पण ठरलेलं असतं. तसं.

इथे मला तुमच्या कोर्टातला शब्द आठवला आणि मी अक्षरशः उठून उभा राहिलो. 'वहिवाट'. कारण नेमेइनचं एक रूप 'जमीन धरणं, वापरणं, तिच्यावर राहणं' असाही अर्थ देतं. जमीन वाहणं तेही वहिवाट, आणि पिढ्यानपिढ्या चालत आलेली रीत तीही वहिवाट. जमिनीचा वापर आणि रीतिरिवाज एकाच शब्दात. नोमोसला मराठीत इतका जवळचा शब्द मला दुसरा सापडलेला नाही. 'कायदा' नव्हे. कायदा अरबी 'काइदा'वरून आला, त्याच्या मुळाशी बसणं आहे, म्हणून पाया, बैठक. वरून आणून ठेवलेलं, पक्कं. ग्रीकांकडे त्या जातीचा शब्द वेगळा होता, 'थेस्मोस', म्हणजे ठेवून दिलेलं. इ.स.पू. ६२१ मध्ये अथेन्सला द्राकोनने कायदे करून दिले ते थेस्मोस. ५९४ मध्ये सोलोनने केले, तेही तो स्वतः कवितेत थेस्मोसच म्हणतो. एक मोठा माणूस येतो, ठेवतो, जातो. नोमोस तसा नाही. तो कुणी ठेवलेला नसतो, तो लोक वापरत असतात. पुढे लोकशाही आल्यावर अथेन्सने कायद्याला थेस्मोस म्हणायचं सोडून नोमोस म्हणायला सुरुवात केली. शब्द बदलला यातच राज्य बदललं असं काही विद्वान म्हणतात. मला ते पटतं.

वहिवाट म्हटल्यावर मला आमची विहीर आठवली नसती तरच नवल. १९८६ साली बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा तू कॉलेजला होतास आणि तुझ्या वडिलांच्या हाताखाली आमच्या माजघरात चिठ्ठ्या लिहायला बसला होतास. भांडी, आगर, पोफळी, सगळ्याची वाटणी झाली. फक्त विहिरीच्या पाण्याची पाळी कागदावर घालायची राहिली. काकांच्या पोफळी जास्त, म्हणून आई म्हणाली, "चार दिवस त्यांचे, तीन आपले." संपलं. कुणी लिहिलं नाही, कुणी सही केली नाही. आणि वीस वर्षांनी चुलतभावाने पंप बसवून पाचवा दिवस घ्यायला सुरुवात केली, तेव्हा गावातला प्रत्येक माणूस काय म्हणाला? "असं नाही चालायचं, पूर्वापार चार दिवस आहेत." पूर्वापार! आईचं वाक्य, चहाची कपबशी हातात असताना बोललेलं. हा नोमोस.

याच नोमोसवरून एक क्रियापद आहे, 'नोमिझेइन'. सॉक्रेटिसवर इ.स.पू. ३९९ मध्ये जो खटला झाला त्यातला पहिला आरोप या क्रियापदात आहे. नगर ज्या देवांना नोमिझेइन करतं त्यांना हा करत नाही. इथे अभ्यासकांचा कीस पडतो: याचा अर्थ देवांवर विश्वास ठेवत नाही असा, की देवांचं रीतीप्रमाणे करत नाही असा? मराठीला या वादात पडायचं कारणच नाही. आपण म्हणतो, "तो देव मानत नाही." "आमच्यात हे मानत नाहीत." मानणं म्हणजे मनात धरणंही आणि पाळणंही. पानंच्या पानं वाचून झाल्यावर हा शब्द सुचला आणि मी एकटाच हसलो. हिने आतून विचारलं काय झालं. मी म्हटलं, सॉक्रेटिसचा आरोप कळला. ती म्हणाली, दूध उतू जातंय ते कळलं का?

आता तुझ्या भाषणाला उपयोगी पडेल अशी गोष्ट. ग्रीक इतिहासकार हेरोदोतोसची. इराणचा सम्राट दारियुस आपल्या दरबारातल्या ग्रीकांना विचारतो, किती पैसे घेतले तर तुम्ही मेलेल्या बापाचं प्रेत खाल? ते म्हणतात, कितीही दिले तरी नाही. मग तो कल्लातिया नावाच्या हिंदी लोकांना बोलावतो. हेरोदोतोसच्या म्हणण्याप्रमाणे हे लोक आईबापांची प्रेतं खात. दुभाषा लावून, ग्रीकांच्या समोर त्यांना विचारतो, किती पैसे घेतले तर तुम्ही बापाला जाळाल? ते मोठ्याने ओरडतात, असलं अभद्र बोलू नका म्हणतात. प्रेत जाळण्याच्या नुसत्या कल्पनेने किंचाळणारे हिंदी लोक! हेरोदोतोसला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. पण त्याला म्हणायचंय ते वेगळंच आहे. शेवटी तो म्हणतो, पिंदार कवीचं बरोबर आहे, नोमोस हा सगळ्यांचा राजा. इथे 'कायदा सगळ्यांचा राजा' असं भाषांतर केलंस तर गोष्टीचा जीव जातो. हा रीतीरिवाजाचा राजा आहे, ज्याच्या हुकमाशिवाय माणूस बापाला जाळत नाही, पुरत नाही, आणि दुसऱ्याला हसतोही.

मौज पुढे आहे. पिंदारची ही ओळ प्लेटोच्या एका संवादात कल्लिक्लेस नावाचा माणूस उचलतो आणि नेमकी उलटी लावतो. मूळ कवितेत हेराक्लेस दुसऱ्याचे बैल पैसे न देता हाकून नेतो. कल्लिक्लेस म्हणतो, बघा, बळकटाने दुबळ्याचं घ्यावं हाच निसर्गाचा नोमोस, माणसांनी केलेले बाकीचे नोमोस म्हणजे दुबळ्यांनी बळकटांना बांधायला केलेले दोर. एकच निवाडा वादीनेही दाखल करावा आणि प्रतिवादीनेही, तसं झालं. तुला हे रोजचंच.

त्याला उत्तर आधीच देऊन झालं होतं, सुमारे इ.स.पू. ७०० मध्ये, आणि तेही एका शेतकऱ्याने. हा शेतकरी म्हणजे कवी हेसिओद, तो आपल्या भावाला सांगतो. भावाशी वाटणीवरून भांडण, हे ओळखीचं वाटतंय ना? भावाने जास्त हिस्सा लाटला आणि निवाडा करणाऱ्यांचे हात ओले केले, अशी त्याची तक्रार. तो म्हणतो, मासे, श्वापदं आणि पक्षी एकमेकांना खातात, कारण त्यांच्यात न्याय नाही. माणसांना झ्यूसने न्याय दिला, हा त्याने लावून दिलेला नोमोस. आपल्याकडे याला मत्स्यन्याय म्हणतात. हेसिओद आणि कौटिल्य एकाच माशाकडे बघत होते.

अँटिगनीचं तुला माहीत आहे, कॉलेजात आपण नाटक पाहिलं होतं आणि तू मध्यंतरानंतर झोपलास. म्हणून फक्त एवढंच: भावाला पुरू नको हा राजा क्रेओनचा हुकूम ती मोडते, आणि त्या हुकमाला नोमोस म्हणायला राजी नाही. तुझी ती दवंडी, असं तिचं म्हणणं. देवांच्या न लिहिलेल्या रीतींवर मात करण्याइतकी तुझी दवंडी मोठी नाही. क्रेओन मात्र स्वतःच्या हुकमाला नोमोसच म्हणत राहतो. सगळं भांडण एका शब्दाच्या मालकीचं आहे.

आणि या न लिहिलेल्या नोमोसचं अथेन्सने पुढे काय केलं, हे तुमच्या वकील संघाला सांगच. स्पार्टाकडून हार, मग तीस जणांची जुलमी राजवट, आणि इ.स.पू. ४०३ मध्ये लोकशाही परत आली. लोक पोळलेले. त्यांनी नियम केला की अधिकाऱ्यांनी न लिहिलेला नोमोस एकाही बाबतीत वापरायचा नाही, आणि कुठलाही ठराव, मग तो मंडळाचा असो की खुद्द नागरिकांच्या सभेचा, नोमोसपेक्षा वरचढ नाही. ठरावाला त्यांचा शब्द 'प्सेफिस्मा', म्हणजे खडे टाकून केलेला. आज हात वर केले, उद्या उतरवले, तो ठराव. नोमोस त्याच्या वर. जो शब्द वहिवाटीतून आला, त्यालाच आता कागदाशिवाय कोर्टात प्रवेश नाही. मला यात थोडं वाईट वाटतं आणि थोडं बरंही. आईचे चार दिवस कागदावर असते तर दोन घरांतलं बोलणं सहा वर्षं बंद पडलं नसतं. पण कागदावर घालायला हवं होतं असं तेव्हा कुणी म्हटलं असतं, तर बोलणं त्याच दिवशी बंद पडलं असतं.

लिहिलेल्या नोमोसचंही एक टोक ऐक. दक्षिण इटलीतल्या लोक्री या ग्रीक नगराची गोष्ट अथेन्सचा वक्ता देमोस्थेनेस एका खटल्यात सांगतो. तिथे ज्याला नवा कायदा सुचवायचा त्याने गळ्यात फास घालून उभं राहायचं. पसंत पडला तर सुटला, नाही तर फास आवळायचा. दोनशेहून जास्त वर्षांत म्हणे एकच नवा कायदा झाला. आधीचा कायदा असा होता की कुणी कुणाचा डोळा फोडला तर त्याचाही डोळा फोडायचा. एका एकाक्ष माणसाला शत्रूने धमकी दिली, तुझा तो एक डोळा फोडतो. तेव्हा तो गळ्यात फास घालून उभा राहिला आणि म्हणाला, एकाक्षाचा डोळा फोडणाऱ्याचे दोन्ही फोडा. मंजूर झालं. देमोस्थेनेस वकिली करत होता, तेव्हा मीठमसाला किती ते तू ठरव.

दोन छोट्या गोष्टी राहिल्या, एक गाण्याची. ग्रीकमध्ये ठरलेल्या चालीच्या गायन-वादनालाही नोमोस म्हणत. आपल्या बंदिशीसारखं काहीसं. रचना ठरलेली, तिचं नाव ठरलेलं. खलाशांनी लुटून समुद्रात उडी मारायला लावलेला आरिओन गायक, उडी मारण्याआधी सगळा साज चढवून नावेवर उभा राहतो आणि एक नोमोस पूर्ण गातो. प्लेटो म्हातारपणी कायद्यांवर मोठा ग्रंथ लिहितो, त्यात या दोन अर्थांशी तो पुन्हा पुन्हा खेळतो: गाण्याला जशी आधी आलापी, तशी कायद्यालाही प्रस्तावना हवी, नुसता हुकूम नको. आपल्या राज्यघटनेची प्रस्तावना शाळेत पाठ करताना हे कुणी सांगितलं असतं तर मी ती सुरात म्हटली असती.

दुसरी पैशाची. नाण्याला 'नोमिस्मा'. अरिस्टॉटल म्हणतो, नाव असं पडलं कारण पैसा निसर्गाने नाही, नोमोसने आहे. तो बदलणं किंवा निकामी करणं आपल्या हातात असतं. नोटा बदलायला रांगेत उभे राहिलेल्यांना याचं स्पष्टीकरण लागत नाही. आणि हो, ग्रीक 'द्राख्मे' संस्कृतात 'द्रम्म' झाला आणि आपल्याकडे 'दाम'. तुझी फी त्यातच येते.

तू विचारशील, मग नोमोस म्हणजे धर्म का? मलाही तसं वाटायचं. पण खुद्द अशोकाच्या कंदहारच्या ग्रीक लेखात 'धम्म'ला शब्द घातलाय 'एउसेबेइया', म्हणजे भक्तिभाव, आदर. आणि उत्तरेतल्या यवन राजांच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीकमध्ये 'न्यायी' म्हणून 'दिकाइओस', दुसऱ्या बाजूला प्राकृतात 'ध्रमिक'. ज्यांना दोन्ही भाषा येत होत्या त्यांनी या दोन्ही ठिकाणी नोमोस घेतला नाही. आपण का घ्यावा?

आता खरी गंमत, जी मी मुद्दाम शेवटी ठेवली. इ.स.पू. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात ज्यूंचं धर्मशास्त्र ग्रीकमध्ये आलं. त्यांच्या 'तोरा'ला, जिचा अर्थ शिकवण, तिथे शब्द घातला नोमोस. पाचव्या पुस्तकाचं नाव झालं 'दुसरा नोमोस', मराठी बायबलात त्यालाच 'अनुवाद' म्हणतात. या धार्मिक वाटेने नोमोस सिरियाकमध्ये, म्हणजे पश्चिम आशियातल्या ख्रिस्ती लोकांच्या जुन्या भाषेत गेला, तिथून अरबीत 'नामूस' झाला. अरबीत तो देवाचा नियम, देवदूताकडून येणारा. फारसीत गेला आणि त्याचा अर्थ झाला इज्जत, अब्रू, घराण्याची लाज. आणि फारसीतून, दत्ता, तो आपल्या दप्तरांत आला. नामुष्की. नामोशी. कोश काढून बघ, मूळ 'नामूस' दिलेलं आहे.

वाढणं, गायरान, वहिवाट, कायदा, देवाची आज्ञा, अब्रू, आणि शेवटी अब्रू गेल्याची लाज. अडीच हजार वर्षं चालत शब्द आपल्या चिपळूणला पोचला, तो असा उलटा होऊन. पंप बसवल्यावर चुलतभाऊ कोर्टात जायला तयार होता, तुला आठवतंय. तुझं नोटिशीचं उत्तरही तयार होतं. आणि एका संध्याकाळी काकू आमच्या ओटीवर येऊन बसली. कायद्याचं एक अक्षर बोलली नाही. एवढंच म्हणाली, "गावात नामुष्की झाली माझी." दुसऱ्या सोमवारपासून पंप चार दिवस.

तेव्हा भाषणात नोमोस सांगायचा असेल तर हे सगळं नको सांगूस, दहा मिनिटांत मावणार नाही. पण 'नोमोस म्हणजे कायदा' असं म्हणून पुढे जाऊ नकोस. वहिवाट म्हण. तुमच्या संघातल्या जुन्या दिवाणी वकिलांचे कान लगेच टवकारतील.

आणि एक काम कर. आमच्या वाटणीपत्राची नक्कल तुझ्या वडिलांच्या कपाटात असणार, तांबड्या फडक्यातल्या गठ्ठ्यात. त्यात भांड्यांच्या यादीखाली तुझ्या अक्षरात काहीतरी खोडलेलं आहे असं मला पुसट आठवतंय. ते पाण्याच्या पाळीबद्दल होतं का, आणि खोडायला कुणी सांगितलं, तेवढं बघून कळव. वहिनींना नमस्कार. अळूचं फदफदं बरं झालं होतं.

तुझा,
बाळ्या